विचर ३ खेळून संपवला (रहस्यभेद भरपूर, जपून उतरा)

रात्रपाळी (धागाकर्ता)

परवा रात्री 'द विचर ३ : वाइल्ड हंट' संपवला. आधी मूळ गेम, मग त्याचे दोन जोडभाग, 'हार्ट्स ऑफ स्टोन' आणि 'ब्लड अँड वाइन'. गेम आला मे २०१५ मध्ये, म्हणजे माझं वरातीमागून घोडं. एकूण किती तास गेले तो आकडा स्टीम (गेम विकणारं संकेतस्थळ) ठळक अक्षरांत दाखवतं, पण इथे लिहीत नाही. घरातली माणसंही हे संस्थळ वाचतात.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेराल्ट हा विचर. म्हणजे लहानपणी विषारी काढे पाजून, शरीर बदलवून तयार केलेला, पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस. त्याने पोटच्या पोरीसारखी वाढवलेली सिरी बेपत्ता आहे आणि 'वाइल्ड हंट' ही भुताळी घोडेस्वारांची टोळी तिच्या मागावर आहे. दक्षिणेतून निल्फगार्डचं साम्राज्य चढून आलंय, उत्तरेत रेडानियाचा माथेफिरू राजा राडोविड तेवढा टिकून आहे. या धामधुमीतून सिरीला शोधायचं. गोष्ट म्हणून यात फार नवं काही नाही. अद्भुत शक्ती असलेली मुलगी, जगावर येऊ घातलेला बर्फाचा प्रलय, काळ्या चिलखतातला खलनायक, सगळं नेहमीचंच.

मग डोक्यातून जात का नाही? मला वाटतं, यात आपण वीर नसतोच, रोजंदारीवरचे कामगार असतो. आपल्याकडे सर्पमित्राची जी गत, तीच गेराल्टची. घरात नाग निघाला की रात्री दोनला फोन, "दादा, लवकर या". नाग बरणीत गेला आणि दादाने पेट्रोलचे पैसे मागितले की "अहो, तुम्ही तर समाजसेवा करता ना?" गेराल्टला बघून लोक थुंकतात, पोरं दगड मारतात, आणि विहिरीवर भूत दिसलं की चिठ्ठी त्याच्यासाठीच लावतात. गावच्या फळ्यावरची ती चिठ्ठी घ्यायची, ज्याने लावली त्याच्याशी दरावरून घासाघीस करायची (फार ताणलं तर त्याच्या रागाची पट्टी भरत जाते), मग माग काढायचा. पावलं, रक्त, वास, प्रेतावरच्या जखमा. हा प्रकार कुठला, तलवारीला कुठलं तेल लावायचं, ते पोथीत बघायचं. प्रत्यक्ष मारामारी शेवटची पाच मिनिटं. आणि तपासात बऱ्याचदा हे निघतं, की भूत झालं कारण गावातल्याच कुणीतरी कुणालातरी मारून गप्प बसायचं ठरवलं होतं.

वेलन हा मुलूख तर विसरणं शक्य नाही. दलदल, झाडांना टांगलेली प्रेतं, सैन्याने ओरबाडून नेलेली गावं. तिथला गढीवाला म्हणजे 'ब्लडी बॅरन'. सिरी त्याच्याकडे राहून गेली आहे, पण माहिती फुकट मिळणार नाही. त्याची बायको ॲना आणि मुलगी तमारा नाहीशा झाल्यात, त्या शोधून द्या, मग सांगतो. आपण घर तपासतो. तुटलेलं सामान, भिंतीवरच्या खुणा, सांडलेली दारू. हळूहळू उलगडतं, की त्यांना कुणी पळवलेलं नाही, त्याच्या मारातून त्या सुटल्यात. त्या काळात ॲनाचं मूल पोटातच गेलं. बॅरनने ते नाव न ठेवता, विधी न करता पुरलं, आणि आता ते भूत होऊन उठलंय.

पुढे आपल्या हातात दोन गोष्टी. त्या भुताला मारा, नाहीतर बॅरनला ते उचलून घ्यायला लावा. मी दुसरं केलं. रात्र, पाऊस, आणि हा अवाढव्य दारुडा माणूस ते ओंगळ, वळवळणारं पोर कडेवर घेऊन चालतोय. वाटेत ते चवताळतं, त्याला शांत करत राहायचं, हल्ले परतवायचे. उंबऱ्याशी पोचल्यावर तो त्याला नाव देतो, डिया, माफी मागतो आणि पुरतो. खेळता खेळता मी थांबून पाणी प्यायलो.

आता ज्याने माझी झोप उडवली ते. जवळच एका टेकडीवरच्या झाडाच्या पोटात एक आत्मा कोंडलेला आहे. तो म्हणतो, मला सोडव, दलदलीतल्या तीन चेटकिणींच्या तावडीतून मी अनाथ पोरांना वाचवतो. तो खरं बोलतोय की नाही ठरवायला पुरेशी माहिती मिळत नाही. सोडला तर पोरं वाचतात, पण डाउनवॉरन गावाची कत्तल होते, ॲना चेटकिणींच्या शापाने हडळ होऊन मरते आणि बॅरन गळफास घेतो. मारला तर पोरं जातात. ॲना जगते पण वेडी होऊन, आणि बॅरन तिला घेऊन दूर डोंगरातल्या वैद्याकडे निघतो.

आणि हे सगळं लगेच कळत नाही! मध्ये दहा कामं होतात, वीस गावं फिरून होतात, मग निकाल समोर येतो. सेव्ह केलेली जुनी फाइल उघडून निवड बदलावी म्हटलं तर मधला सगळा खेळ वाया. एरवी आपण काय करतो, संवाद निवडतो, आवडला नाही की परत मागे. इथे तो मार्ग गेम बनवणाऱ्यांनी शांतपणे बंद करून टाकलाय. माझ्या मते या गेमची सगळ्यात हुशार गोष्ट हीच. ग्राफिक्स नाही, नकाशाचा आकार नाही. निर्णय आणि परिणाम यांच्यात टाकलेलं अंतर.

मुख्य कथा मात्र शेवटच्या तिसऱ्या भागात ढासळते. वाइल्ड हंटचा राजा एरेडिन नुसता चिलखत घालून उभा राहतो, त्याला धड दहा वाक्यंही नाहीत. केर मोरहेन या विचरांच्या जुन्या गडावरच्या लढाईनंतर 'याला गोळा करा, त्याला गोळा करा' सुरू होतं. वेलनमधल्या दारुड्याची गोष्ट एवढी जिवंत लिहिणाऱ्यांना मुख्य खलनायक लिहिता येऊ नये?

खेळलेल्यांनी बोला. टेकडीवरच्या आत्म्याचं काय केलंत?

---

तिरपागडा

मारला. बोलणारं झाड दिसलं की मारायचं, हा माझा साधा नियम आहे.

लेख आवडला, पण इतकं कौतुक करताना तुम्ही काही गोष्टी सोयीस्कर विसरलात. गेराल्टला दारातून आत नेणं हीच मुळात एक परीक्षा. मेणबत्तीशेजारच्या पेटीतलं सामान घ्यायला जावं तर तो मेणबत्ती पेटवतो, विझवतो, परत पेटवतो. घोडी (रोच) शिट्टी मारली की हजर, पण कधी कुंपणात अडकलेली, कधी थेट छपरावर. आणि स्केलिगे बेटांच्या समुद्रातली, नकाशावरची ती प्रश्नचिन्हं! होडी घेऊन जा, उडणाऱ्या बाया हाकला, बुडी मारा, पिंपात काय? गंजकी तलवार. ती पूर्ण करणारा कुणी इथे असेल तर त्याने हात वर करावा, आपण त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू.

गेममधल्या पत्त्यांच्या खेळाबद्दल, ग्वेंटबद्दल, एक ओळ नाही? सिरीच्या जिवावर बेतलंय आणि मी नोव्हिग्राड शहरातल्या प्रत्येक सावकाराशी, न्हाव्याशी पत्ते कुटतोय. दोन डाव जिंकले की बाजी आपली. त्यामुळे पहिल्या डावात समोरच्याला पत्ते उडवायला लावायचे, त्याच्या बाजूला हेराचा पत्ता टाकून आपण दोन पत्ते ओढायचे आणि डाव सोडून द्यायचा. हे एकदा कळलं की समोरचा कुणीही असो. पुढे कंपनीने ग्वेंटचा वेगळा गेमच काढला, यात काय ते आलं.

---

शेवग्याची शेंग

स्केलिगेची प्रश्नचिन्हं मी पूर्ण केलीत. शाल नको, श्रीफळ चालेल.

रात्रपाळी, बॅरनबद्दल तुमच्याशी भांडायचंय. मी हा गेम दोनदा खेळले आणि दुसऱ्या वेळी मला त्या पावसातल्या दृश्याचा राग आला. आधी सांगते, लिहिलंय अप्रतिम. पण बघा, रडायला कुणाला जागा दिली आहे? बॅरनला. लांबलचक संवाद कुणाला? बॅरनला. लढाईवरून येऊन दारू कशी लागली, बायको दुसऱ्याबरोबर गेली तेव्हा काय झालं, त्याने त्या माणसाचं काय केलं, सगळं तो सांगतो, त्याच्या आवाजात, त्याच्या बाजूने. ॲना आपल्याला भेटते तेव्हा ती दलदलीत, अर्धवट भानावर, अनाथ पोरांची 'आजी' झालेली. जी एकच गोष्ट तिने स्वतः ठरवली, म्हणजे या माणसाचं मूल नको म्हणून चेटकिणींशी केलेला करार, तीसुद्धा आपल्याला दुसऱ्यांकडून कळते. आणि शेवट दोनच. एकात ती मरते, दुसऱ्यात वेडी होऊन त्याच नवऱ्याबरोबर गाडीत बसून जाते. ज्याच्यापासून पळाली त्याच्याच ताब्यात. त्याला लोक 'त्यातल्या त्यात चांगला शेवट' म्हणतात तेव्हा मला कळत नाही, चांगला कुणासाठी?

तमारा पात्र म्हणून मला जास्त आवडते. ती ऑक्सनफर्टला निघून जाते, चेटकीण-शिकाऱ्यांना मिळते (ते लोक काही धुतल्या तांदळाचे नाहीत), पण बापाकडे परत यायचं का म्हटल्यावर तिचं उत्तर ठाम 'नाही'. तो बदलला असेल, नसेल, तिला घेणंदेणं नाही. तिथे गेराल्टला तिचं मन वळवण्याचा पर्याय ठेवलेला नाही हे फार बरं केलं.

---

रात्रपाळी

शेंग, तुमचा मुद्दा मान्य करायला जड जातंय, कारण ते दृश्य मला भिडलं ते भिडलंच. पण एक बघा. घर तपासताना बॅरन आधी धडधडीत खोटं बोलतो आणि गेराल्टला ते पुराव्यावरून पकडायला लागतं. त्याची बाजू आपण 'ऐकतो' ती खोटेपणा उघडा पडल्यानंतर. मला वाटतं लेखकांना त्याच्याबद्दल कणव नाही वाटायला लावायची, तर कणव वाटतेय याचीच लाज वाटायला लावायची आहे. ॲनाला आवाज नाही, हे मात्र खरं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

विस्वाकाठी

पोलंडमध्ये काही वर्षं राहतोय, म्हणून थोडी भर.

हा गेम इथे नुसता गेम नाही, अभिमानाचा विषय आहे. २०११ मध्ये ओबामा वॉर्सात आले तेव्हा पंतप्रधान टुस्क यांनी त्यांना दिलेल्या भेटींत 'विचर २' होता. वूच शहरात तीन उंच इमारतींच्या भिंतींवर गेराल्ट, सिरी आणि जादूगारीण येनेफर रंगवलेत. मूळ कथांचे लेखक आंद्जेई साप्कोव्स्की त्याच शहराचे. त्यांची पहिली विचर-कथा १९८६ मध्ये एका मासिकात आली. त्यांचा एक किस्सा इथे सगळ्यांना पाठ आहे. गेमचे हक्क देताना त्यांनी टक्केवारी नाकारली आणि 'काय ते पैसे आत्ता द्या' म्हटलं, कारण गेम चालेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. पुढे तिसऱ्या भागाच्या पाच कोटींहून जास्त प्रती खपल्या (२०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलेला आकडा). २०१८ मध्ये त्यांनी वकिलामार्फत सहा कोटी झ्लॉटी (पोलंडचं चलन) मागितले आणि २०१९ च्या डिसेंबरात दोघांत नवा करार झाला. पैशाची घासाघीस करणारा नायक लिहिणाऱ्याने स्वतःचा सौदा असा करावा!

कंपनीची सुरुवातही मजेशीर. सीडी प्रोजेक्ट १९९४ मध्ये सुरू झाली ती बाहेरच्या सीडी आणून विकण्यासाठी. बाजारात चोरीच्या प्रतींचा सुळसुळाट, अस्सल सीडी घेणार कोण? त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा गेम पोलिश नटांच्या आवाजात, खोक्यात नकाशा वगैरे घालून विकला, आणि लोकांनी तो पैसे मोजून घेतला. पोलिश माणसाला पोलिशमध्ये गोष्ट ऐकायची आहे, ही खूणगाठ त्यांनी तिथेच बांधली असावी. जमलं तर गेम पोलिश आवाजात, खाली इंग्रजी अक्षरं लावून खेळा. वेलनमधले शेतकरी तेव्हा खरे शेतकरी वाटतात.

आता मुख्य. वेलनमध्ये एका तळ्याकाठी गावकरी रात्री गुपचूप पितरांना बोलावतात, गेराल्ट त्यांची राखण करतो, तो भाग आठवतो का? ती पद्धत कल्पनेतली नाही, तिला इथे 'जाडी' म्हणतात. पूर्वजांच्या आत्म्यांसाठी खाणंपिणं ठेवायचं, त्यांना वाट दाखवायला विस्तव पेटवायचा. आजची रीत वेगळी आहे. १ नोव्हेंबरला सगळा देश दफनभूमीत जातो, प्रत्येक थडग्यावर काचेतले दिवे लावतो. पहिल्या वर्षी ते बघताना मला सर्वपित्री अमावास्या आठवली. फरक इतकाच, की आपण पान गच्चीवर ठेवून कावळ्याची वाट बघतो, हे लोक थंडीत कुडकुडत जाऊन दिवे लावतात.

'हार्ट्स ऑफ स्टोन'मधला करारात अडकलेला ओल्गियर्ड आणि चंद्राचा डाव हाही इथल्या पान त्वार्दोव्स्कीच्या दंतकथेवरून. सैतानाशी करार केलेला सरदार, आत्मा न्यायचा तर फक्त रोममध्ये ही अट, आणि सैतान त्याला गाठतो 'रोम' नावाच्या खाणावळीत. शेवटी तो चंद्रावर अडकतो म्हणतात. गेममध्ये करार पुरा होतो तो जमिनीवर चंद्राचं चित्र काढलेल्या देवळात. इथल्या पोरांना तिथे जाण्याआधीच कळलेलं असतं काय होणार ते.

---

कोकमकढी

विस्वाकाठी, हे वाचून बरं वाटलं, कारण मला पहिल्याच गावात घरी आल्यासारखं झालं होतं. व्हाइट ऑर्चर्डमध्ये विहिरीपाशी भर दुपारी दिसणारी बाई! आमच्याकडे देवगडला अजून सांगतात, बाराच्या ठोक्याला एकट्याने विहिरीवर, मळ्यात जाऊ नये. आजी तर दुपारी जेवण झाल्यावर दार लोटूनच घ्यायची. त्या गेममधल्या बाईला नुसतं तलवारीने मारून चालत नाही. विहिरीत उतरून तिचं प्रेत, तिचं कडं शोधायचं, ते एकत्र जाळायचं, मग ती दिसते. तिच्यावर झालेला अन्याय आधी वाचून काढावा लागतो. मला हे फार आपलं वाटलं.

एक फरक मात्र जाणवत राहिला. कोकणात राखणदार, देवचार यांना कुणी मारायला जात नाही. त्यांच्याशी बोलतात. नारळ ठेवतात, विडी ठेवतात, 'बा म्हाराजा' करून गाऱ्हाणं घालतात, चुकलं तर दंड भरतात. हद्द त्याची आहे, आपण पाहुणे. विचरच्या जगात माणसं पाहुणी असल्याचं कबूलच करत नाहीत. म्हणून मला सगळ्यात आवडलेली कामं ती, जिथे गेराल्ट तलवार बाजूला ठेवतो. दलदलीतला बोलभांड जॉनी. किंवा सैन्याच्या होड्या राखायला बसवलेला तो मठ्ठ ट्रोल, ज्याने होड्या मोडून टाकल्या आणि सैनिक शिजवून खाल्ले, तरी म्हणतो मी पहारा नीट देतोय, झेंडा रंगवायला रंग आणून द्या. मी त्याला रंग आणून दिला. तिरपागडा, तुम्ही मारला असेल.

(पितर, चंद्रावरचा सरदार, राखणदार, सगळं झालं. आता कुणीतरी महाभारत आणणार. पैज.)

---

तिरपागडा

ट्रोलला कोण मारतं हो? मी माणूस आहे.

---

जुनं खोड

पैज तुम्ही हरलात, मी महाभारत आणत नाही.

मी गेम खेळत नाही, बोटं साथ देत नाहीत. नातू खेळतो, मी मागे आरामखुर्चीत. सुरुवातीला पेपर तोंडासमोर धरून बसायचो, मग पेपर खाली आला. रात्रपाळी, तुम्ही निकाल उशिरा येतो म्हणालात, मला त्याच्या उलट बाजूची गंमत वाटली. काही ठिकाणी उत्तर द्यायला वेळच देत नाहीत. संवादाखालची पट्टी संपत जाते. नातू "आजोबा, काय करू?" म्हणून मान वळवेपर्यंत ती संपते, आणि गप्प राहणं हेच उत्तर धरलं जातं. नोकरीत असताना बदल्यांच्या बैठकांत मी हे खूप पाहिलंय.

पण तुमच्या 'सगळ्यात हुशार गोष्ट' या विधानाबद्दल शंका आहे. टेकडीवर पुरेशी माहितीच देत नसतील तर त्याला निवड म्हणायचं की चिठ्ठी टाकणं? डोळे बांधून रस्ता ओलांडायला लावायचा आणि मग अपघाताची जबाबदारी माझ्यावर, हे मला पटत नाही. नातू दोन दिवस हळहळत होता. मी त्याला म्हटलं, तुझ्या हातात होतंच काय?

---

रात्रपाळी

आजोबा, माहिती अगदीच नसते असं नाही. आत्मा कसा बोलतो, गावकरी त्याला का घाबरतात, चेटकिणी त्याचा इतका दुस्वास का करतात, हे धागे आहेत. शिवाय एक पुस्तक मिळतं, त्यात त्या तिघींच्या आईची गोष्ट आहे. ते वाचून झाडाकडे गेलात तर अंगावर काटा येतो. पण खात्री द्यायचं गेम नाकारतो, आणि खात्री असती तर ते गणित झालं असतं. आत्मा वाईट आहे आणि तरीही पोरं त्याच्यामुळेच वाचतात, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. गेमच्या जगात हे क्वचित दिसतं. चांगलं केलं की निळे गुण, वाईट केलं की लाल गुण, अशी सवय लागलेली असते.

नातवाला सांगा, डाउनवॉरनमधल्या लोकांनी कानाचं दान कुणाला दिलं होतं ते आठव. मग तितकी हळहळ वाटणार नाही.

---

गुपचूप वाचक

बरीच वर्षं नुसता वाचतोय, हा पहिलाच प्रतिसाद. मला वाईट शेवट मिळाला आणि मला अजून वाटतं की गेम चुकलाय, मी नाही.

सिरीचं शेवटी काय होतं ते मोठ्या लढायांवर ठरत नाही, पाचेक बारीक प्रसंगांवर ठरतं. गेराल्टचा गुरू व्हेसेमिर गेल्यावर ती खचलेली असते. तिच्याबरोबर बसून दोन घोट घ्यायचे की बर्फाचे गोळे मारत खेळायचं? मी बसलो, बोललो. जादूगारणींच्या सभेला ती जाते, मी बरोबर गेलो, कारण त्या बायका लबाड आहेत हे मला तीन गेमपासून माहीत आहे. तिचा गुरू अव्हालाक, त्याच्या प्रयोगशाळेत तिला संताप येतो, मी तिला शांत केलं. तिला तिचा मित्र स्क्याल याच्या थडग्यावर जायचं होतं, जगबुडी दाराशी आली असताना मी म्हटलं नंतर जाऊ. कुठलाही जबाबदार बाप हेच करेल. बक्षीस काय? सिरी परत येत नाही, आणि गेराल्ट एकटा त्या दलदलीत, उरलेल्या चेटकिणीकडून व्हेसेमिरचं पदक परत घ्यायला जातो. प्रयोगशाळा तोडू दिली असती, बर्फात लोळू दिलं असतं तर पोरगी जगली असती, हे कुठलं शास्त्र?

---

शेवग्याची शेंग

गुपचूप, बोलते झालात हे छान. पण तुमचीच यादी परत वाचा. बसलो, बरोबर गेलो, शांत केलं, नंतर म्हटलं. प्रत्येक ठिकाणी तिच्या वाटचं तुम्ही केलं. शेवटी प्रलय थांबवायला त्या दारातून तिला एकटीलाच जायचं असतं, गेराल्ट तिथे असूनही उपयोगाचा नसतो. मला सत्तावीस वर्षांची होईपर्यंत बँकेत पैसे भरायला बाबा बरोबर यायचे. म्हणून मला बर्फाचा पर्याय शोधावा लागला नाही.

---

गुपचूप वाचक

माझी मुलगी नववीत आहे. वाद मिटलेला नाही, पण जरा विचार करतो. जादूगारणींच्या सभेत एकटीला पाठवणार नाही, ते नक्की.

---

पंखाआवाज

चर्चा खूप वरच्या पातळीवर चालली आहे, मी जमिनीवरचा प्रश्न विचारतो. पाच वर्षं जुना लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड मध्यम. चालेल का? पहिले दोन भाग खेळायलाच हवेत का?

---

तिरपागडा

चालेल. डिसेंबर २०२२ मध्ये मोठं फुकट अपडेट आलं, त्यात रे ट्रेसिंग वगैरे भरलंय, ते सगळं बंद ठेवा. तरीही रखडला तर स्टीमवर जुनी आवृत्ती निवडता येते. केस उडायचा पर्याय (हेअरवर्क्स) तर आधी बंद, गेराल्टच्या बटा सुंदर दिसाव्यात म्हणून अख्खा लॅपटॉप तापवायची गरज नाही. पहिले दोन (२००७ आणि २०११) नाही खेळलात तरी अडत नाही, फक्त रोश आणि लेथो कोण ते आंतरजालावर वाचून घ्या. सेलमध्ये तिन्ही मिळून एका पिझ्झाच्या भावात मिळतो, आत्ता घेऊ नका, थांबा.

आणि 'ब्लड अँड वाइन' घाईने उरकू नका. वेलनच्या चिखलातून टूसाँच्या उन्हात आलं की डोळे दिपतात, तिथे गेराल्टच्या नावावर द्राक्षाचा मळा आणि घर होतं. आयुष्यभर सुट्ट्या पैशांसाठी राबलेल्या माणसाला सातबारा मिळाला याचा मला जो आनंद झाला, तो माझ्या स्वतःच्या फ्लॅटच्या ताब्याच्या वेळी झाला नव्हता.

---

कोकमकढी

सातबारा! हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

पुढच्या भागात मुख्य पात्र सिरी आहे, २०२४ च्या डिसेंबरात झलक दाखवली त्यांनी. विचर म्हणून फिरताना दिसते. ज्यांनी शेवटी तिला निल्फगार्डची सम्राज्ञी केलं त्यांचं काय होणार?

---

शेवग्याची शेंग

मी केलं होतं सम्राज्ञी. निरोप घेतानाचा तो प्रसंग मला तिन्ही शेवटांत सगळ्यात खरा वाटतो. पण ती तलवार घेऊन फिरणार असेल तर माझी तक्रार नाही.

---

तिरपागडा

एवढा मोठा धागा आणि ट्रिस की येनेफर (गेराल्टच्या दोन प्रेयसी) यावर एक अक्षर नाही? सगळे सभ्य झालेत की काय? दोघींनाही हो म्हटल्यावर काय होतं, हे अनुभवलेल्यांनी तरी बोला.

---

रात्रपाळी

त्यासाठी वेगळा धागा काढा. आणि येनेफर. यावर चर्चा नाही.

---

तिरपागडा

काढतोच. ट्रिस.